आमच्या आवारातली मर्सिडीज

मलकापुरात जुना ट्रक घरी सांभाळायचा तर पहिला खर्च इंजिनाचा नसतो, मुरमाचा असतो. आमची जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन पाऊस झाले की तीच जमीन फुगून वर येते. अशा मातीवर ट्रक उभा केला की चाकं रुततात, गाडी एका अंगाला कलते, चेसिसला पीळ बसतो आणि ओलीत राहिलेल्या टायरांच्या कडा फाटतात. म्हणून आधी काळी माती खणून काढायची, मुरूम भरून धुम्मस करायचं, चाकांखाली शहाबादी फरशीचे जाड तुकडे टाकायचे. वर पत्र्याचं शेड, पण तीन बाजूंनी मोकळं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो. बंद शेडमध्ये रबरी नळ्या, वायरींचं वेष्टन, दाराची बीडिंग सगळं वाळून कडक होतं. हवा खेळती हवी आणि ऊन थेट नको.

हे झाल्यावर मग गाडी आणायची. लोक नेमकं उलटं करतात. गाडी आधी आणतात, लिंबाच्या झाडाखाली उभी करतात आणि दोन पावसाळ्यांनी भंगारवाल्याला बोलावतात.

माझं हायवेला स्पेअर पार्टचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. वडील ट्रक ड्रायव्हर. त्यामुळे आयुष्य ग्रीसच्या वासात गेलं. आवारात उभी आहे ती १९६८ सालची टाटा मर्सिडीज-बेंझ १२१०. घरी पाहुणा आला आणि मी म्हटलं, चला, आपली मर्सिडीज दाखवतो, की तो आधी चप्पल शोधतो आणि मग शेडमध्ये येऊन हसतो. हसू देत. टाटांची टेल्को कंपनी जमशेदपूरला १९४५ साली निघाली ती रेल्वे इंजिनं बनवायला. १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार झाला आणि तिथून ट्रक बाहेर पडू लागले. १९६९ ला करार संपला. तोवरच्या गाड्यांच्या नाकावर तीन पाकळ्यांचा तारा होता, नंतर त्याच जागी टाटाचा टी आला. आमच्या गाडीवर ताराच आहे. आकड्याचाही अर्थ सोपा आहे. पहिले दोन अंक म्हणजे मालासकट एकूण वजन १२ टन, पुढचे दोन म्हणजे ताकद, १० गुणिले १०, शंभर अश्वशक्तीच्या घरात. आज एवढी ताकद चांगल्या मोटारीत असते. त्या काळी तेवढ्यावर बारा टन ओढले जात, तेही राजूर घाट चढून बुलढाण्याला.

मलकापूर हे गाव रेल्वे आणि रस्ता यांच्यामध्ये वाढलं. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचं स्टेशन, आणि सुरत-धुळे-नागपूर-कोलकाता हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६. आता त्याचा नंबर ५३ झाला, पण आमच्या पिढीला तो अजून 'सहा नंबर'च. याच रस्त्यावर अमरावती-अकोल्याच्या दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. वडील त्या रस्त्यावरून जायचे तेव्हा समोरून गाडी आली की एकाला साइडपट्टीवर उतरावं लागे. जिनातून रुईच्या गाठी निघत, सरकी तेल गिरणीला जाई, आणि १९७२ ला राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाल्यावर हंगामात ट्रकांना उसंतच नसे. गाठीचा माल मोठा विचित्र. वजन हिशोबात बसतं पण उंची वाढते. रस्से आवळण्यात चूक झाली तर वळणावर गाडी झुलायला लागते. वऱ्हाडातल्या पांढऱ्या सोन्यावर पुष्कळ लिहून झालंय. ते सोनं वाहून नेणाऱ्या गाड्यांवर कोणी लिहिलं नाही, कारण त्या कुणाच्याच डोळ्यात भरत नव्हत्या.

आणि त्या काही फक्त टाटाच्या नव्हत्या. आमच्या दुकानात जुने लोक यायचे आणि डॉज, फार्गो, बेडफर्ड, लेलँड कॉमेट अशी नावं घ्यायचे. डॉज आणि फार्गो म्हणजे मूळ एकच गाडी, नाकावरची पाटी वेगळी. त्या आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या, कुर्ल्याच्या कारखान्यातल्या. बेडफर्ड हिंदुस्थान मोटर्सची, लेलँड मद्रासजवळच्या एन्नोरची. त्याही आधी मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून गाड्यांची जुळणी सुरू केली होती. सुटे भाग परदेशातून यायचे, इथे जोडले जायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं, नुसती जुळणी नको, गाडी इथे बनवा. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा कोळशाच्या भट्टीतून निघणाऱ्या गॅसवर बस आणि ट्रक चालवले गेले. गाडीच्या मागे भट्टी, क्लीनर कोळसा घालतोय आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं. युद्धानंतर पेट्रोलचे ट्रक डिझेलवर आणायची लाट आली. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत तयार होणारं पर्किन्सचं पी-६ इंजिन कित्येक अमेरिकन बनावटीच्या ट्रकांत बसलं. शरीर एकाचं आणि काळीज दुसऱ्याचं, हा प्रकार आपल्याकडे फार जुना. मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्याचं काम आहे.

परदेशी पुस्तकं वाचून जो जुना ट्रक दुरुस्त करायला बसतो त्याची पहिली फसगत इथेच होते. तिथे केबिन कारखान्यातून येते. आपल्याकडे कंपनी विकायची ती चेसिस, इंजिन आणि पुढचा पत्रा. ड्रायव्हर पेटीवर बसून, डोक्याला गमछा बांधून, जमशेदपूरहून ती उघडी चेसिस चालवत आणायचा. केबिन आणि मागचा हौदा गावोगावचे सुतार-लोहार बांधायचे. त्यामुळे 'मूळ रूप' म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर कंपनीच्या कागदात सापडत नाही. ते एखाद्या सुताराच्या हातात होतं. नागपूरची बांधणी वेगळी, इंदूरची वेगळी, पंजाबची तर लांबूनच ओळखू येई.

आमच्या गाडीचा हौदा पूर्ण कुजला होता. नवा बांधताना मी लोखंडी पत्र्याचा विचार केला नाही. सागवान परतवाड्याहून आणलं. तिथे वनखात्याचा लाकडाचा मोठा डेपो आहे, मेळघाटचा साग तिथे येतो. सुतार आमच्याच तालुक्यातला, वय झालेलं, बैलगाड्या आणि ट्रक दोन्ही केलेला. त्याने टेप लावला नाही. आधी चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर लाकडी ओंडके बसवले, मध्ये जुन्या टायरची रबरी पट्टी घातली. विचारलं तर म्हणाला, "लोखंड अन् लाकूड एकमेकाले घासू देऊ नको भाऊ. लोखंड जितते." मग आडवे दांडे, त्यावर फळ्या, बाजूला उभे खुंट, आणि शेवटी फाळका. फाळक्याच्या बिजागऱ्या त्याने लोहाराकडून पट्टी तापवून करून घेतल्या. विकतच्या बिजागरीचा खिळा बारीक असतो, हमाल फाळका धाडकन सोडतात, तो वाकतो. फळ्यांमध्ये बोटभरापेक्षा कमी फट मुद्दाम ठेवलेली. मी बुजवायला निघालो तर त्याने हात धरला. पाऊस पडला की पाणी कुठून जाईल? आणि लाकूड फुगेल तेव्हा कुठे जाईल? फळ्यांना त्याने जवसाचं तेल पाजलं, रंग नंतर. रंगकामाची वेळ आली तेव्हा पेंटरने मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायची परवानगी मागितली. महाराष्ट्रात परिवहन आयुक्तांनी २०१५ मध्ये त्यावर बंदी घातली आहे, पण ही गाडी १९६८ ची. शेवटी आम्ही तिथे कमळ काढलं, दोन बाजूंना मोर, आणि मधली जागा मोकळी सोडली.

आता इंजिन. वर्षानुवर्षं बंद असलेली गाडी मिळाली की माणसाला पहिली खाज सुटते ती सेल्फ मारून बघायची. ती आवरा. आत रिंगा गंजून लाइनरला चिकटलेल्या असतात, जबरदस्तीने फिरवलं की मोडतात. आमचे उस्ताद, ज्यांच्याकडे मी पोरवयात पाने उचलून देत शिकलो, त्यांची रीत अशी: सगळी नोझलं काढायची, त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडायचं आणि घरी जायचं. रोज येऊन थोडं थोडं घालायचं. मग क्रँकच्या पुलीला लांब पाना लावून हाताने रेटायचं. जोर नाही लावायचा, डोलवायचं. पुढे कणभर, मागे कणभर. एक दिवस ते हलतं. हललं की जुनं ऑइल काढून नवीन भरायचं, टाकी उतरवून धुवायची. टाकीत तळाला गंज, पाणी आणि डिझेलचा काळा डांबरासारखा गाळ असतो, आणि यातलं काहीही पंपात गेलं तर पंपवाल्याचं बिल इंजिनापेक्षा मोठं होतं.

त्यानंतर हवा काढणं. डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडाला की तो आपोआप पेटतो. हा फवारा मोठ्या दाबाने उडवायचं काम पंपाचं. पण पंपात किंवा नळीत हवेचा बुडबुडा असला तर पंप डिझेलऐवजी तो बुडबुडाच दाबत बसतो आणि फवारा उडतच नाही. गाडीने 'एअर घेतली' म्हणतात ते हेच. फिल्टरवरचा स्क्रू अर्धा फेरा सैल करायचा, खाली फीड पंपाचा हाताचा दट्ट्या असतो तो मारत राहायचं. आधी नुसता फेस येतो, फसफस आवाज. मग फेस आणि डिझेल एकत्र. मग थुंकी टाकल्यासारखे तुटक थेंब. शेवटी काचेसारखी सलग धार. ती दिसली की दट्ट्या दाबलेला ठेवूनच स्क्रू कसायचा. नंतर हेच पंपावरच्या स्क्रूला, मग नोझलच्या नळ्यांना. अंगठ्याला फोड येतो. पंप आमच्याकडे मायकोचा आहे. बंगळुरूची ही कंपनी १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने निघाली आणि देशातल्या ट्रक-ट्रॅक्टरांच्या दोन पिढ्या तिच्या पंपांवर चालल्या.

पहिल्यांदा चालू करताना एक माणूस हवेच्या नळीपाशी उभा हवाच, हातात जाड पाटी घेऊन. डिझेल इंजिन चावी काढून बंद होत नाही. ते बंद करायला पंपाची डिझेल तोडणारी तार असते. जुन्या पंपाची आतली पट्टी गंजून अडकलेली असली तर तार ओढून उपयोग नाही, इंजिन वेगच घेत जातं आणि शेवटी फुटतं. तेव्हा त्याचं नाक दाबायचं, म्हणजे हवेच्या तोंडावर पाटी दाबून धरायची. कापड नको, ते आत ओढलं जातं. आमच्या गाडीला ती वेळ आली नाही, पण पाटी घेऊन मुलगा उभा होता आणि त्याची आई ओट्यावरून "दूर उभा राय रे" म्हणत होती.

इंजिन लागलं की धुराकडे पाहायचं. एवढं वाचकाने लक्षात ठेवलं तरी रस्त्यावरच्या कुठल्याही जुन्या ट्रकाची प्रकृती सांगता येईल. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. नोझल ठिबकतंय किंवा एअर क्लीनर तुंबलाय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा, लाइनर किंवा व्हॉल्व्हचं काम निघालं. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, थंडीत सुरुवातीला चालतो. पांढरा आणि राहतच असेल, शिवाय रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेट गेली. आमच्या गाडीने आधी पांढरा, मग निळा, मग काहीच नाही असा क्रम धरला तेव्हा उस्तादांनी फक्त मान हलवली. हाफ इंजिनवर भागणार होतं, म्हणजे रिंगा आणि बेअरिंग बदलून, फुल इंजिन उतरवायची गरज नव्हती.

आता ती शरीर आणि काळजाची गोष्ट. आमच्या गाडीत जन्माचं इंजिन नाही. आधीच्या कुण्या मालकाने टाटाचं ६९२ बसवलंय. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. पुढचं ६९७ आलं ते ९७ मिलिमीटरचं. ट्रकवाल्यांच्या तोंडी हे आकडे घरच्या माणसांच्या नावांसारखे असायचे. शुद्धतावादी मंडळी म्हणतील, मूळ इंजिन शोधा, नाहीतर गाडी बाटली. मला हे पटत नाही. मोटार कुणीतरी हौसेने गॅरेजमध्ये जपलेली असते, तिचं मूळ रूप टिकतं. ट्रक पोटासाठी राबतो. त्याचं इंजिन बदलतं, हौदा बदलतो, एखादी कमान दुसऱ्या गाडीची असते, आणि हाच त्याचा खरा इतिहास आहे. ६९२ काढून टाकलं तर गाडीच्या आयुष्यातली मधली काही वर्षं पुसली जातील. शिवाय ६९२ चे पिस्टन-लाइनर अजून मिळतात, हाही विचार आहेच. मी शेवटी दुकानदार माणूस. फक्त इंजिन बदललं असेल तर आरसीवर आरटीओकडून त्याची नोंद झालेली हवी. आमच्या गाडीच्या बाबतीत ती झालेली होती, नाहीतर मी ती घेतलीच नसती.

सांभाळण्याचं खरं काम गाडी चालू झाल्यावर लागतं. आमच्या भागात बोअरचं पाणी क्षाराचं. ते रेडिएटरमध्ये घातलं की तांब्याच्या चपट्या नळ्यांत चुन्याचा थर बसतो, आणि एप्रिलमध्ये गाडी दहा मिनिटांत उकळते. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो, म्हणजे तो उघडता येतो. रेडिएटरवाला वरची टाकी झाळ काढून वेगळी करतो, प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून थर खरवडतो आणि परत झाळून देतो. आजकालच्या अ‍ॅल्युमिनियम-प्लास्टिकच्या रेडिएटरला हे होत नाही, तो फेकायचाच. त्यामुळे हे काम करणारे हात कमी होत चाललेत. आमच्याकडचा शेवटचा माणूस आता एसीची कामं घेतो. पाणी शुद्ध आणि कुलंट घालून वापरा, म्हणजे त्याला शोधत फिरावं लागणार नाही.

कमानींचे पाटे वर्षातून एकदा सुटे करून, गंज घासून, मध्ये ग्रीस लावावेत. किंगपिन, शॅकल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांना ग्रीसगन नेमाने हवी. पावसाळ्याआधी डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवा. रिकाम्या टाकीत ओलसर हवा शिरते आणि रात्री तिचं पाणी होतं. एअर क्लीनर ऑइल बाथचा असेल तर त्यातलं तेल बघत जा. आमच्या धुळीत ते लवकर चिखल होतं. उंदरांना वायरिंग फार आवडतं, त्यावर मांजर हाच खात्रीचा इलाज. आणि पंधरवड्यातून एकदा इंजिन नुसतं चालू करून बंद करू नका, निदान आवारात पुढे-मागे करा. नुसतं चालू-बंद केलं की आत ओल धरते, ब्रेक शू ड्रमला चिकटून बसतात ते वेगळंच.

दोन गोष्टी मात्र घरी करू नका, कितीही हौस असली तरी. पहिली, टायर. या गाडीला ९.००-२० चे ट्यूबवाले टायर लागतात आणि रिम अखंड नसते, तिला बाजूने लोखंडी लॉकरिंग असते. रिंग गंजलेली किंवा नीट न बसलेली असली आणि हवा भरताना सुटली तर ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. माणसं मेलीत यात. जाळीचा पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडेच हवा भरा आणि समोर उभे राहू नका. दुसरी, ब्रेकची धूळ. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडला की सगळे कॉम्प्रेसरने फुंकर मारतात. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. ओल्या फडक्याने पुसा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, घोड्या लावा. हे खरं तर तिसरं झालं.

सुटे भाग कुठून आणता, हा हमखास येणारा प्रश्न. फिरतीच्या वस्तू अकोल्या-जळगावला मिळतात. बाकी मुंबईला कुर्ल्याचा भंगार बाजार, आणि जे मिळतच नाही ते लेथवाल्याकडून करून घ्यायचं. कापसाच्या गावाचा हा एक फायदा. जिनांचे रूळ, तेल गिरणीचे शाफ्ट दुरुस्त करणारे लेथवाले इथे पिढ्यानपिढ्या आहेत. बुश, पिन, झिजलेला दांडा त्यांच्यासाठी किरकोळ. नमुना मात्र फेकू नका, मोडका असला तरी. मोजमाप त्यावरून निघतं.

एवढं सगळं करून गाडी रस्त्यावर आणायची म्हटलं की कायदा आडवा येतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी चांगला नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, दहा वर्षांच्या नोंदणीला २०,००० रुपये आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये. ती रोज वापरायची नाही, धंद्याला लावायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच काढायची. उत्तम. पण हा नियम दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी आहे. पुढे दोन आणि मागे चार चाकं असलेला मालट्रक त्यात बसत नाही. तो कायद्याच्या लेखी अजून मालवाहू वाहनच, मग त्यात दसऱ्याच्या झेंडूखेरीज काही चढत नसलं तरी. त्याला दर वर्षी फिटनेस हवं, आणि पंधरा वर्षांवरच्या अवजड वाहनाच्या फिटनेसची फी १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये केली गेली. धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या रस्त्यावरून हटाव्यात म्हणून हे केलं, त्याला माझा विरोध नाही. राबणारा जुना ट्रक आणि जपलेला जुना ट्रक यांच्यात फरक करायला हवा, एवढंच माझं म्हणणं. तोवर माझी गाडी आवारातच पुढे-मागे होते.

इंग्लंडात जुन्या मालवाहू गाड्यांची लंडन ते ब्रायटन अशी फेरी १९६२ पासून निघते. अमेरिकेत ट्रकांच्या इतिहासासाठी १९७१ मध्ये संस्था निघाली. आपल्याकडे हरियाणात तावडूला २०१३ मध्ये हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम उघडलं, तिथे मोटारींच्या जोडीने इतर वाहनांनाही जागा मिळाली. महाराष्ट्रात रणगाड्यांना नगरमध्ये घर मिळालं, नॅरो गेजच्या इंजिनांना नागपुरात मिळालं. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला नगरहून पुण्याला गेली, ती बेडफर्ड होती आणि तिचे चालक-वाहक कोण होते हेही आपण दर वर्षी आठवतो. ते योग्यच आहे. पण उतारू नेणाऱ्या गाडीला आठवण राहते, माल नेणारीला राहत नाही. भंगारवाला तिला वजनावर घेतो आणि गॅस कटरने दोन दिवसांत संपवतो. "कायले लोखंडावर पैसा लावता भाऊ," असं मला गावातले अजून विचारतात. मी सांगतो, तुम्ही घराच्या कळसावर लावता, मी चाकांवर.

तेव्हा ज्यांच्या वाड्यात, शेतात किंवा बंद पडलेल्या जिनाच्या आवारात असा एखादा ट्रक उभा असेल त्यांना एवढंच सांगणं आहे. विकायचा तर विका, पण भंगारवाल्याला बोलवायच्या आधी तीन कामं करा. चेसिसच्या पट्टीवर ठोकलेला नंबर घासून, खडू फिरवून त्याचा फोटो काढा. जुनं आरसी बुक शोधा. ते बहुतेक देवघराच्या फळीवर किंवा आजीच्या पेटीत असतं. आणि ज्याने ती गाडी चालवली तो माणूस हयात असेल तर कुठला माल, कुठल्या रस्त्याने, कुणाचा, हे त्याला विचारून लिहून ठेवा. ज्यांच्या हातात नियम बदलणं आहे त्यांनी त्या व्हिंटेजच्या नियमात मालट्रकाची ओळ घालावी. एका ओळीचं काम आहे.